गोव्यात नोकरीला येताय? भाषा कळते म्हणून माणसं कळली असं समजू नका

मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं फोंड्याला राहते आणि नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. दरवर्षी आमच्या प्लांटला पुण्याहून, सांगली-कोल्हापूरहून नवी मुलंमुली जॉईन होतात आणि दरवर्षी त्याच त्याच गोष्टींवरून मनं दुखावलेली बघते, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. बंगळूरला किंवा चेन्नईला बदली झाली की आपण आधीच तयारीत असतो, भाषा वेगळी, जेवण वेगळं, जरा सांभाळून राहायचं. गोव्याला येताना ती तयारी कोणीच करत नाही. समोरचा बोलतो ते निम्मं कळतं, देवळात आरती आपलीच, सकाळी चहाबरोबर मराठी पेपर मिळतो, मग वाटतं हे तर आपलंच की. आणि जिथं आपलंच वाटतं तिथं माणूस विचार न करता बोलून जातो.

सगळ्यात आधी एक वाक्य कायमचं सोडून द्या, "अरे ही तर मराठीच आहे, फक्त हेल वेगळा". मी हे दुसऱ्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये बोलले होते, चांगल्या मनानं, जवळीक दाखवायला म्हणून. टेबलावर आमचे एक सिनिअर होते, पहिल्या दिवसापासून मला रोज स्वतःहून "चा घेतली?" विचारणारे. त्यांनी कप खाली ठेवला, "जाता", म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले आणि उठून गेले. कोणी वाद घातला नाही, कोणी मला काही सांगितलं नाही, पण पुढचे दोन महिने ते माझ्याशी फक्त बॅच रेकॉर्डपुरतं बोलायचे.

त्यामागचं कारण मला नंतर हळूहळू कळलं आणि ते प्रत्येकानं येण्याआधी माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि लगेच प्रश्न आला की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. १६ जानेवारी १९६७ ला त्यावर लोकांचं मत घेतलं, जनमत कौल म्हणतात त्याला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली आणि दोन पानांना १,७२,१९१, म्हणजे फरक अवघा ३४,०२१ चा. एवढ्या छोट्या प्रदेशात एवढ्या कमी फरकानं हे ठरलं म्हणजे घराघरात काय झालं असेल विचार करा, एक भाऊ फुलाकडे, दुसरा पानांकडे. त्यानंतर राजभाषेचं आंदोलन झालं, १९८७ साली कायदा आला, देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात वापरायची तरतूद ठेवली. त्याच वर्षी ३० मे ला गोवा राज्य झालं, १९९२ ला कोंकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. त्यामुळे तुम्ही सहज म्हणून "ही तर मराठीची बोली" म्हणता तेव्हा समोरच्याला ऐकू येतं की तुझी भाषा नाही आणि तुझं राज्यही नाही.

पण याच्या उलट टोकालाही जाऊ नका. गोवेकर मराठीच्या विरोधात असतात असा समज करून घेणारे पण बघितलेत मी आणि तो तितकाच चुकीचा आहे. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागात गावोगाव जत्रेला मराठी नाटक होतं, तालमी महिना-महिना चालतात, भजनं मराठी, लहान मुलांच्या शाळा मराठी. हे तालुके पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकात उशिरा गेले, तिसवाडी-बार्देश-सासष्टी मात्र सोळाव्या शतकातच, म्हणून मंगेशी, शांतादुर्गा ही देवस्थानं तिकडून हलवून फोंड्याकडे आणली गेली. आजही फोंड्यातला माणूस आणि मडगावचा माणूस मराठीबद्दल वेगवेगळं बोलेल. बाकीबाब बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिल्या, रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो यांना ज्ञानपीठ मिळालं ते कोंकणी लेखनासाठी. इथं एकाच घरात पेपर मराठीत वाचतात, देवाला मराठीत आळवतात आणि आईशी कोंकणीत बोलतात, यात त्यांना काही अडचण नाही. आपण कुठला निवाडा द्यायला जाऊ नये एवढंच. रोमी लिपीचा, म्हणजे रोमन अक्षरांत कोंकणी लिहिण्याचा वाद निघाला तरी तेच, ऐकून घ्या, बाजू घेऊ नका, ते त्यांच्या घरातलं आहे.

आणि ख्रिश्चन सहकाऱ्याला मराठी येत असेलच असं धरून चालू नका. बऱ्याच जणांना येत नाही, त्यांची कोंकणी रोमी लिपीतली आणि शाळा इंग्रजी. त्यांच्याशी मोडकी का होईना कोंकणी बोला, नाही जमलं तर इंग्रजी. मराठीच रेटत राहिलात तर तो गप्प बसेल आणि तुम्हाला वाटेल घमेंडी आहे.

आता शब्द. इथं खरी गंमत नाही, खरी अडचण आहे, कारण शब्द आपले वाटतात आणि अर्थ वेगळा निघतो. "पळय" म्हणजे बघ. आमच्या एका नव्या मुलाला ऑपरेटर मशीनकडे बोट दाखवून "पळे, पळे" म्हणाला आणि हा काहीतरी झालं समजून खरोखर पळत बाहेर आला, सगळी लाईन थांबली, बिचारा दिवसभर खाली मान घालून होता. "राव" म्हणजे थांब. "जाय" म्हणजे पाहिजे, तुम्हाला कोणी जा म्हणत नाहीये. "जाता" म्हणजे होतं, चालेल, ठीक. "शीत" म्हणजे थंड नाही आणि एक दाणाही नाही, ताटातला सगळा भात. "मागीर" म्हणजे नंतर. "वच" म्हणजे जा आणि निघताना मात्र "येतां" म्हणायचं, हे आपल्यासारखंच.

मला स्वतःला सगळ्यात लागला होता तो "तें". मी नवीन असताना लॅबमध्ये माझ्याबद्दल "तें आयलें?" असं विचारलेलं ऐकलं आणि इतकं वाईट वाटलं, ते काय, मी काय वस्तू आहे का. रात्री आईला फोन करून रडले होते. मग शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी समजावलं की कोंकणीत वयानं लहान मुलीला असंच म्हणतात, घरच्या लेकीलाही, त्यात माया असते, आणि ज्या दिवशी "ती" म्हणायला लागतील तेव्हा समज की तू मोठी झालीस. मुलींनो, हे लक्षात ठेवा, नाहीतर उगाच मन खट्टू होईल.

तसंच तूं. कोंकणीत तूं आपल्या 'तू'एवढं एकेरी नसतं. दुकानदार, पायलट, कंडक्टर, हाताखालचा माणूस वयानं दहा वर्षांनी मोठ्या माणसाला सरळ तूं म्हणतो आणि त्यात काडीचाही अपमान नसतो. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल चालवणारा, भाड्यानं मागे बसवून नेणारा, विमानाचा नव्हे. तर तूं ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. पण आपण मराठीत बोलताना मात्र मोठ्यांना अहो-जाहोच करा, कारण मराठीतला तू त्यांनाही बोचतो, मराठी त्यांना चांगली कळते. नावापुढे बाब लावलं की मान आपोआप येतो, बाईमाणसाला बाय. ऑफिसात सर-मॅडम चालतंच, ख्रिश्चन घरात अंकल-आंटी.

कामाच्या पद्धतीबद्दल. "सुशेगाद" हा शब्द तुम्ही येण्याआधीच ऐकलेला असतो आणि येऊन दोन दिवसांत कुणाला तरी ऐकवता. नका ऐकवू. शब्द पोर्तुगीजवरून आला, त्याचा अर्थ निवांत, समाधानी, आळशी नव्हे. दुपारी एक ते साडेतीन-चार गावातली दुकानं बंद असतात हे खरं, पण तोच दुकानदार सकाळी आठला आलेला असतो आणि रात्री आठपर्यंत बसणार असतो, मधल्या दनपारच्या उन्हात घरी जाऊन शीत-कडी जेवून पाठ टेकतो. त्या वेळात शटर वाजवू नका, कुणाच्या घरी फोन करू नका. पोदेर तर तुम्ही साखरझोपेत असताना सायकलवरून पाव घेऊन हॉर्न वाजवत दारात येतो, त्याला कोण आळशी म्हणेल.

ऑफिसमध्येही तेच. शिफ्ट संपली की माणूस उठतो. त्याला पुढे देवळाच्या कमिटीची मिटिंग असते, चर्चच्या क्वायरची प्रॅक्टिस असते, फुटबॉल असतो, नाटकाची तालीम असते. आपल्याकडे बॉस बसलाय म्हणून आपणही बसून राहतो, इथं तसं बसलं तर लोक विचारतात काही प्रॉब्लेम आहे का. संध्याकाळी सातनंतर कामाचा फोन खरंच अडल्याशिवाय करू नका. आणि पुण्या-मुंबईचा तो एक सूर असतो ना, "आमच्याकडे हे अर्ध्या तासात झालं असतं", तो एकदाच लावा आणि बघा, पुढचं काम अर्ध्या दिवसावर जातं.

नकार कसा देतात ते शिकून घ्या. तोंडावर नाही म्हणणं इथं जड वाटतं. "पळोवया" म्हणजे बघूया, आणि दहापैकी बऱ्याच वेळा ते नाहीच असतं. नुसतं "फाल्यां" म्हणजे उद्या, पण ते कॅलेंडरमधलं उद्या असेलच असं नाही. "जातलें" म्हणाले आणि बरोबर वार सांगितला, तर मात्र ते होणार, त्या शब्दाला लोक जागतात. मी आता सरळ विचारते, "बुधवारा जातलें काय?" आणि उत्तरातला पहिला शब्द नीट ऐकते.

सुट्ट्यांचं प्लॅनिंग आधी करा. चवथ, म्हणजे आपली गणेश चतुर्थी, इथं मंडळाची कमी आणि घरची जास्त. माणसं मूळ घरी, गावी जातात, सगळे चुलते-भाऊ एका छताखाली, दीड दिवस, पाच दिवस. त्या आठवड्यात ऑडिट लावायचं म्हणजे उगाच सगळ्यांशी वाकडेपणा घेणं. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, गुड फ्रायडे, शिगमो, शिवाय प्रत्येक गावाची जत्रा नाहीतर फेस्त, त्या दिवशी त्या गावचा माणूस रजेवर. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर बनवणारी पोरं जागीच असतात, पहाटे त्याला जाळतात, त्या सकाळी कोणाला लवकर बोलावू नका.

चवथीला कोणी घरी बोलावलं तर जा. जाच. मला पहिल्यांदा बोलावलं ते सावईवेऱ्याच्या बाजूला एका मैत्रिणीच्या मूळ घरी. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगलेली असते, माटोळी, आणि तिला आजूबाजूच्या कुळागरातलं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतलं, आणि रानातलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते बांधलेलं, नारळांचा अख्खा घड, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तोरिंग, चिबूड, आणि मधे मधे लाल कांगलं आणि मी जन्मात न बघितलेली रानफळं. मला वाटलं डेकोरेशन. तिचे वडील खुर्चीवर बसून होते, फारसे बोलत नव्हते, मी एका फळाकडे बोट दाखवून विचारलं हे काय हो, तर उठलेच, काठीनं एकेक दाखवत नाव सांगू लागले, कुठलं कुठल्या डोंगरावर मिळतं, कुठलं आता मिळेनासं झालं, कुठलं आणायला ते स्वतः पहाटे गेले होते. पाऊण तास. जेवायला खतखतें होतं, पातोळ्यो होत्या, हळदीच्या पानाचा वास सगळ्या घरात. निघताना ते मैत्रिणीला म्हणाले, "ताका परत हाड", हिला परत आण. तेव्हा घरी गेल्यावर फोटो काढण्याआधी विचारा, काय आहे, कुठून आणलं, कोणी केलं.

जाताना हातात काहीतरी न्या, मी कंदी पेढे नेते, साताऱ्याचे आहेत म्हटलं की गप्पांना विषय मिळतो. जुन्या घराला बाल्कांव असतो, पुढच्या दारात दोन्ही बाजूला बसायचे कट्टे, अर्ध्या गाठीभेटी तिथंच होतात, आत बोलावलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. हिंदू घरात चपला बाहेर, ख्रिश्चन घरात बऱ्याचदा काढत नाहीत, यजमानांच्या पायाकडे बघून ठरवा. नाताळात शेजारून दोदोल, बेबिंक, नेवऱ्या घातलेलं ताट येतं, ते ताट रिकामं परत पाठवू नका, आणि चवथीला तुमच्याकडूनही ताट जाऊ दे.

जेवणाबद्दल थोडंच. मासे इथं चैन नाही, रोजचं अन्न आहे, म्हणून डब्यातल्या नुस्त्याचा वास येतो असं कॅन्टीनमध्ये म्हणणं म्हणजे समोरच्याच्या आईच्या हाताला नाव ठेवणं. तुम्ही खात नसाल तर "हांव शिवराक" म्हणा, लगेच कळतं आणि मान देतात, कारण सोमवारी कितीतरी गोवेकर स्वतः शिवराक असतात, श्रावणात तर विचारूच नका. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताजा इसवण, म्हणजे सुरमई, कुठं मिळेल म्हणून कुणाला भंडावू नका. कुणाच्या ताटात पोर्क-बीफ असेल तर चेहरा वाकडा करायचा नाही, आपल्याला नको तर नको.

दारूवरून बोलणं मात्र मला खरोखर चीड आणतं. गोवेकर भेटला की "काय मग, तुमचं बरंय, स्वस्तात". अहो, त्या घरात सात पिढ्यांत कोणी थेंब घेतला नसेल. फेणी, उर्राक हे काजूच्या हंगामाशी, कष्टाशी जोडलेलं आहे, मार्च ते मे डोंगरावर बोंडू वेचणाऱ्या बायका बघा. तुम्हाला पाजलं तर घ्या, नको असेल तर सरळ नको म्हणा, कोणी आग्रह करून गळ्यात मारत नाही. दुसरा असाच विषय जमिनीचा. ओळख होऊन दहा मिनिटं नाही झाली तर "इथं प्लॉट काय भावानं मिळेल" विचारू नका. बाहेरच्यांनी घेतलेली, वर्षभर कुलूप लावून ठेवलेली घरं प्रत्येक गावात आहेत आणि त्या गावातल्या पोरांना घर बांधायला जागा परवडत नाही. म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकशी वाद आहे, त्यावरही मस्करी नको.

"घाटी" हा शब्द कधीतरी कानावर पडेल. लागतो, खोटं कशाला बोलू. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा तुम्हाला उद्देशून नसतो, मोठ्यानं बोलणाऱ्या, अरुंद रस्त्यावर हॉर्न बडवणाऱ्या, शेतात गाडी लावून बाटल्या फोडणाऱ्या माणसांचा राग असतो त्यात. कोणी तोंडावर म्हणालं तर मी शांतपणे सांगते की बरं नाही वाटलं, आणि आजवर प्रत्येक वेळी समोरच्यानं माफी मागितलीय.

गप्पांना विषय हवा असेल तर मुंबई काढा. जवळजवळ प्रत्येक गोंयकाराच्या घरातलं कोणीतरी मुंबईला राहून आलेलं असतं, धोबीतलावच्या कुडींमध्ये, गावागावाचे क्लब होते ते, बोटीवर जाणारी माणसं तिथं उतरायची. तियात्राचा, म्हणजे कोंकणी नाटकाचा, पहिला प्रयोगसुद्धा झाला तो मुंबईत, १७ एप्रिल १८९२ ला. आणि "तुजो गांव खंयचो?" विचारा, मग वाडो कुठला विचारा, मग बसा ऐकत.

लग्नाला बोलावतात, बॅंड असतो, टोस्ट असतो, उभं राहून ग्लास उचलायचा, त्यात सरबत असलं तरी चालतं. चर्चमध्ये साधे पूर्ण कपडे, आणि कम्युनियनची, म्हणजे त्यांच्या प्रसादाची, रांग लागली की आपण जागेवर बसून राहायचं, ते त्यांच्या धर्मात दीक्षा घेतलेल्यांसाठीच आहे, उत्सुकता म्हणून रांगेत जाऊ नका.

लग्न एखादं चुकलं तरी चालेल पण मरण चुकवू नका. इथल्या पेपरात मृत्यूच्या बातम्या लोक रोज नीट वाचतात आणि सहकाऱ्याच्या सासऱ्यांच्या, आजीच्या मयतीलाही अर्धं ऑफिस जातं. ख्रिश्चन घरात दुपारनंतर चर्चमध्ये मिस, म्हणजे प्रार्थनाविधी, असते, पांढरे किंवा गडद साधे कपडे घालायचे, मागे उभं राहायचं, नंतर घरच्यांना भेटून हात हातात घ्यायचा, फार बोलायचं नाही. महिन्यानं परत एक मिस असते, तिलाही जावं. हिंदू घरात बाराव्या-तेराव्यापर्यंत केव्हाही संध्याकाळी जाऊन बसावं.

माझे वडील गेले तेव्हा मी रात्रीच साताऱ्याला निघाले होते, ऑफिसात फक्त एक मेसेज टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर जीए पासिंगची गाडी उभी, रात्रभर चालवून पाच जण आलेले, त्यात कॅन्टीनमधले ते सिनिअर. अंत्यविधी होईपर्यंत अंगणात मागे उभे होते, पाणीसुद्धा घेतलं नाही. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमी येतात. तूं सवकास यो."